थंडीनं माल बिघडत नाही

मोटार शिकवणारी बाई म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे ओरडणारी बाई उभी राहते. ही तसली नव्हती. शिकाऊ माणूस गाडी थेट समोरच्या टेम्पोवर घालायला निघाला तरी हिचा आवाज चढायचा नाही. हिच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचा. तो ती दाबायची आणि म्हणायची, "हं. आता पुन्हा." म्हणून ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सगळे तिला ब्रेकबाई म्हणत, अगदी तोंडावर म्हणत. तिला त्याचं काही वाटायचं नाही. खरं सांगायचं तर तिला बऱ्याच गोष्टींचं काही वाटायचं नाही, आणि लोक "स्वभाव शांत आहे" असं म्हणून मोकळे होत. लोकांचं काय जातं?

सध्या तिच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकायला यायच्या. त्या गिअरला दटावत. "सरळ जा म्हटलं ना!" असं त्या दांड्यालाच सुनावत, आणि दांडा अडला की ब्रेकबाईकडे अशा बघत, की जणू हिनेच त्याला फूस लावली आहे. त्या सोमवारी सिग्नलला उभ्या असताना त्यांनी विचारलं, "चेहरा का उतरलाय गं तुझा? जेवत नाहीस का?"

"जेवते की."

"मग झोपत नसशील," असं म्हणून त्यांनी क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. ब्रेकबाई म्हणाली, "हं. आता पुन्हा."

जेवण आणि झोप दोन्ही व्यवस्थित चालू होतं. चालू होती आणखी एक गोष्ट, ती कुणालाच माहीत नव्हती. रोज संध्याकाळी ती स्वतःच्या पोटात इंजेक्शन टोचून घेत होती.

याची मुळं फार मागे जातात. पंधराव्या वर्षी तिची पाळी बेपत्ता झाली. मग मनात येईल तेव्हा उगवायची, आगंतुक पाहुण्यासारखी, आणि आली की मुक्काम ठोकून बसायची. हनुवटीवर केस यायला लागले. वजन वाढलं. डॉक्टर म्हणाले, पीसीओएस आहे, वजन उतरवा. वजन उतरवलं. दुसरे डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या. गोळ्या घेतल्या. आत्या म्हणाली, "लग्न झालं की सगळं आपोआप सुरळीत होतं बघ." तेवढं मात्र झालं नाही. एक स्थळ हनुवटीकडे बघून परत गेलं, एकाला हिने परत पाठवलं, आणि पुढे पुढे विषय निघेनासा झाला. तिशी कधी ओलांडली ते तिलाही नीटसं आठवत नव्हतं.

मग एक दिवस ती स्त्रीबीजं गोठवून ठेवणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेली. त्याआधी कितीदा तरी फोन उचलून खाली ठेवला होता, ते सोडा. डॉक्टरबाई बडबड्या होत्या आणि खऱ्या बोलत होत्या; ही जोडी क्वचित मिळते.

"तुमच्याकडे बीजांचा तुटवडा नाही," त्या म्हणाल्या. "उलट गर्दी आहे. गर्दी आहे पण रांग नाही. दर महिन्याला एकाने पुढे यायचं, ते होत नाही, सगळी दारातच खोळंबतात. म्हणून पाळी लांबते. याचा अर्थ तुम्हाला मूल होणारच नाही, असा नाही हं. पीसीओएसवाल्या पुष्कळ जणींना होतं, थोडी मदत लागते एवढंच. पण वय थांबत नाही, आणि आपल्याबरोबर बीजांचंही वय वाढतं. आज काढून गोठवली तर ती आजच्या वयाची राहतील. पुढे त्यातून मूल होईलच अशी हमी मी देणार नाही. जी देईल तिच्याकडे जाऊ नका."

"आणि त्रास?"

"तुमच्यासारखीला औषध बेताबेतानं द्यावं लागतं. तुमची अंडाशयं आधी ढिम्म बसून राहतात आणि पेटली की एकदम पेटतात. डोस जास्त झाला तर पोटात पाणी साठतं, श्वास लागतो, ॲडमिट करावं लागतं. अति तिथं माती. म्हणून मी सांगीन तेवढंच घ्यायचं, आणि काही वेगळं घडलं तर मला सांगायचं."

तिने होकार दिला. मूल हवं म्हणून नव्हे, असं तिने स्वतःला बजावलं. नुसती ठेवून द्यायची. आपण हिवाळी कपडे नाही का ठेवून देत? हवं असं म्हटलं की नाही मिळालं तर दुखतं, आणि ती दुखण्याच्या वाटेला जाणारी नव्हती. शिवाय तिने स्वतःशी एक करार करून टाकला: हे एकदाच. जमलं तर जमलं. फिसकटलं तर विषय कायमचा बंद. स्वतःशी केलेले करार ती मोडत नसे, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

घरात दोघंच, ती आणि आप्पा. आप्पांची सारी नोकरी शीतगृहात गेली. मासळी, मटार, मांस, काय वाट्टेल ते त्या अवाढव्य खोल्यांत यायचं आणि आप्पा त्याच्या थंडीवर पहारा द्यायचे. निवृत्त होऊनही डोक्यावरची लोकरीची टोपी उतरली नव्हती. त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं आणि ते कुणालाही, कुठेही ऐकवायला त्यांची ना नसे. "माल बिघडतो तो उबेनं. थंडीनं माल बिघडत नाही." कोणे एके काळी बाहेरच्या दाराची फट राहिली होती आणि एका रात्रीत आख्खी खोली वाया गेली होती. ती हकिकत ते अजूनही खालच्या आवाजात सांगत.

ही शाळेत असताना आई गेली. बाप आणि वयात येणारी मुलगी यांनी एकमेकांशी काय बोलायचं हे दोघांनाही कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून घरात अळीमिळी गुपचिळी. पण आप्पा निष्ठुर नव्हते हं. तिच्या कपाटाच्या खालच्या खणात पॅडचं पाकीट कधी संपलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नवं पाकीट तिथे आपोआप यायचं. पुढे महिनोन् महिने जुनं पाकीट तसंच राहू लागलं, तेही त्यांच्या लक्षात आलं असणार. पण एक शब्द नाही.

इंजेक्शनांचं खोकं घेऊन ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा म्हणाली, "आप्पा, हे औषध आहे. गार राहायला हवं."

"गार म्हणजे माझ्याकडे लागलं," आप्पा म्हणाले आणि खुशीत खोकं हातात घेतलं. जन्मभर थंडी राखलेल्या माणसाच्या ओठांवर जो प्रश्न येईल तोच त्यांच्याही आला. किती गार? तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांना खोक्यावरचं चित्र दिसलं. एका बाईचं उघडं पोट, आणि त्यात कुठे टोचायचं त्याची खूण. आप्पांनी तोंड मिटलं. चित्राची बाजू आणि तिच्यासोबत सगळ्या सूचना भिंतीकडे करून त्यांनी खोकं फ्रिजच्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात सरकवलं, आणि ते गॅलरीत निघून गेले. तिला वाटलं, झालं, सांगून झालं.

पहिल्या संध्याकाळी गार इंजेक्शन झोंबू नये म्हणून ती ते पेनासारखं यंत्र बराच वेळ तळहातांत धरून बसलेली आप्पांनी पाहिली. दुसऱ्या दिवसापासून ती घरी येईपर्यंत खोकं जेवणाच्या टेबलावर, घडी घातलेल्या रुमालावर तयार असायचं. आप्पा गॅलरीत, पाठ वळवून, रेडिओ मोठा करून. ती आपल्या खोलीत जायची, पोटाची चिमूट धरायची आणि सुई टोचायची. सुई आत जाताना दिसायची. कुणा दुसरीच्याच पोटात जातेय असं वाटायचं. स्वयंपाकघर आप्पांच्याच ताब्यात होतं, म्हणून ती खोकं नुसतं फ्रिजच्या दारातल्या कप्प्यात ठेवायची आणि नंतर कधीतरी आप्पा ते आत ढकलायचे. रोज हेच.

तपासणीच्या दिवशी तिने दुपारनंतर सुट्टी घेतली. डॉक्टरबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत राहिल्या.

"एक बीज तेवढं पुढे सरकलंय," त्या म्हणाल्या. "बाकीची होती तिथेच. एखादं इंजेक्शन चुकलं?"

"नाही."

"फ्रिजमध्येच होती ना?"

"हो."

"मग तुमच्या अंडाशयांचीच झोप मोडत नाहीये. होतं असं. आजपासून डोस दुप्पट करू. नवी पेनं घेऊन जा."

बाहेरच्या औषधाच्या खिडकीतून तिने बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेलं नवं खोकं घेतलं. घरी जाताना तिने मनाला चाचपून पाहिलं. वाईट वाटतंय का? नाही. काळजी? तीही नाही. दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर ओठ चावला तरी कळत नाही, तसं काहीसं. याची मात्र तिला थोडी भीती वाटली.

घरी ती एरवी या वेळेला कधीच नसायची. आप्पा न्हाणीघरात होते, पाण्याचा आवाज येत होता. नवं खोकं ठेवायला तिने फ्रिज उघडला. काकड्या काचेसारख्या झाल्या होत्या. दुधाची पिशवी म्हणजे दगड. जुनं खोकं आतल्या भिंतीला चिकटलं होतं, ओढल्यावर कट्कन सुटलं. तिने पेन बाहेर काढून उजेडात धरलं. औषधाच्या इवल्याशा खिडकीत पांढरट बर्फ होता. तिने फ्रिजच्या बटणाकडे पाहिलं. ते शेवटच्या आकड्यावर होतं, त्याच्यापुढे फिरतच नव्हतं.

खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: गोठू देऊ नये.

आप्पा टॉवेलने मान पुसत आले. "आज लवकर?"

"फ्रिज एवढा गार कुणी केला?"

"मीच," आप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "तू औषध आणलंस त्याच दिवशी. दार सारखं उघडतं, ऊब आत शिरते. म्हटलं, पोरीचं औषध आहे, धोका कशाला घ्या? तू यायच्या बरंच आधी काढून ठेवतो, म्हणजे तुला गार टोचत नाही. मऊ होतं ना तोवर?"

गेल्या कित्येक महिन्यांत आप्पा एकदमात इतकं बोलले नव्हते. ती "हो" म्हणाली, दोन्ही खोकी उचलून, नवं तसंच बर्फाच्या पिशवीत ठेवून, खोलीत गेली आणि दार लावलं.

म्हणजे इतके दिवस ती मेलेलं औषध टोचून घेत होती. डॉक्टरबाईंना वाटत होतं अंडाशयं झोपली आहेत. अंडाशयांना बिचाऱ्यांना कुणी नीट हाकच मारली नव्हती. आणि आता हातात ताजं, जिवंत औषध होतं, दुप्पट. घेतलं तर? कुणाला काही सांगायचं नाही, गपचूप टोचायचं. कदाचित सगळी एकदम वाढतील, भरपूर मिळतील, आप्पांनाही कळणार नाही. आणि कदाचित पोटात पाणी साठेल. सांगितलं तर ही खेप बहुतेक गेली, आणि ही खेप गेली की करार संपला. ती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. बर्फाची पिशवी मांडीवर वितळत होती, सलवार भिजली, तरी ती हलली नाही. मग तिने फोन लावला.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला जाड कातडीची समजून डोस चढवत होते. महागात पडलं असतं. आता हे चक्र सोडून देऊ. एक पुढे पळालंय, बाकीची मागे, यात जोर लावून हाती काही लागायचं नाही. पुढची पाळी आली की नव्यानं सुरू करू."

"बघते."

"बघते म्हणू नका हो. बघते म्हणणाऱ्या परत येत नाहीत."

ती "ठेवते" म्हणाली आणि फोन ठेवला. संपलं. ठरल्याप्रमाणे विषय बंद. तिने भिजलेली सलवार बदलली, केस विंचरले, उद्याच्या शिकाऊंच्या वेळा डोक्यात लावल्या. कुठेही काही दुखत नव्हतं.

संध्याकाळी नेहमीच्या वेळेला स्वयंपाकघरातून फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. मग बंद झाल्याचा. मग पुन्हा उघडल्याचा. थोड्या वेळाने आप्पा तिच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. या उंबऱ्याशी ते सहसा येत नसत.

"औषध दिसत नाही ते. काढून ठेवायचं होतं."

संपला कोर्स, एवढं म्हणायचं होतं. या घराला साजेसं उत्तर तेच. आप्पांनी मान डोलावली असती, रेडिओ लावला असता आणि जन्मभर त्यांना वाटत राहिलं असतं की पोरीचं औषध आपण जिवापाड सांभाळलं. वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं.

"ते गेलं, आप्पा," ती म्हणाली. "गोठलं की मरतं ते."

आप्पांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. आयुष्य ज्या धंद्यात गेलं, त्यातलं वाक्य होतं ते.

"सगळा माल गेला?"

"सगळा."

त्यांनी टोपी काढली. टोपीखालचे विरळ केस कपाळाला चिकटले होते. "विचारणार होतो मी," ते म्हणाले. "किती गार, ते. तोंडावर आलं होतं. खोक्यावर ते बाईचं चित्र होतं, म्हणून मग..."

"मग काय?" तिचा आवाज चढला. तो इतका चढला की तिलाच तो ओळखू येईना. "चित्रच होतं ना? चावत होतं का ते? एक शब्द विचारायचा होता, आप्पा! एक! आई गेल्यापासून तुम्ही मला एक शब्द विचारलेला नाहीत. पाकिटं आणून ठेवलीत, टेबलावर रुमाल घातलात. कशाला टोचतेय, काय होतंय, काही नाही! आणि मी पण अशीच, तुमचीच. मी तरी कुठे सांगितलं?"

ब्रेकबाई ओरडत होती. खालच्या मजल्यावरच्यांनी नक्की ऐकलं असणार. तिला राग आला होता, फार राग आला होता, आणि सुया टोचून काळंनिळं झालेलं पोट आता एकदम ठणकायला लागलं होतं, जणू सगळ्या सुया आत्ताच टोचल्या होत्या.

आप्पा चौकटीला धरून उभे होते. गॅलरीकडे गेले नाहीत.

"कशाचं होतं गं ते?" त्यांनी विचारलं.

"मूल व्हावं म्हणून. आत्ता नाही, पुढे कधीतरी. माझ्या पोटातली बीजं काढून जपून ठेवणार होते."

"तुला मूल हवंय?"

ठेवून द्यायची होती नुसती, असं ती म्हणणार होती. "हवंय," ती म्हणाली. "खूप हवंय, आप्पा. मला खूप हवंय."

आप्पांनी टोपी हातात फिरवली. "परत मिळतं ते औषध?"

"मिळतं. पण आधी पाळी यावी लागते, आणि माझी येत नाही. उद्या डॉक्टरबाईंना विचारते, गोळ्या घेऊन आणता येईल."

बापासमोर हा शब्द ती पहिल्यांदाच उच्चारत होती. आप्पांचे कान लाल झाले, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

"का येत नाही?"

केस पिकलेला बाप आणि वय उलटून चाललेली मुलगी, आणि मधे हा एवढासा प्रश्न, पंधराव्या वर्षी विचारायचा राहून गेलेला. तिने पलंगावरचे कपडे बाजूला सारले आणि जागा केली.

"बसा," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांगावं लागेल."